बेजा खंजिराचा काळ

लाल समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यामागील डोंगराळ व रखरखीत मुलखात राहणाऱ्या बेजा समाजाचा खंजीर ओळखणे फारसे कठीण नाही. त्याचा काळ ठरवणे मात्र कठीण आहे, कारण मध्यभागी आवळलेली आणि दोन्ही टोकांना रुंदावणारी डमरूसारखी गडद लाकडी मूठ व तिच्यातून निघणारे वाकडे दुधारी पाते ही त्याची घडण पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तशीच राहिली आहे. शेजारच्या प्रदेशांतील शस्त्रे त्याहून निराळी दिसतात. नाईल नदीकाठच्या सुदानी लोकांचा आखूड सरळ खंजीर गोफासारख्या विणलेल्या कातडी वादीने डाव्या दंडाला बांधला जाई, सोमाली ‘बिलावा’ची मूठ बहुधा शिंगाची असे, तर अफार लोकांचा लांब, वाकडा ‘गिले’ कमरेला लावला जाई.

आकारावरून समाज कळतो, शतक कळत नाही. खंजीर ही एकाच वेळी घडलेली वस्तू नसते: आजोबांच्या पात्याला नातू नवी मूठ बसवतो आणि म्यानाचे कातडे तर त्याहूनही लवकर झिजते. म्हणून पाते, मूठ व म्यान यांचे वय वेगवेगळे तपासावे लागते आणि त्यांतील सर्वांत अलीकडचा भाग ज्या काळातला असेल, त्यापूर्वी ती वस्तू आजच्या रूपात अस्तित्वात नव्हती, एवढेच खात्रीने म्हणता येते. मुठीवर ॲल्युमिनियमची पट्टी असेल, तर निदान ती पट्टी १८८६ मध्ये या धातूच्या स्वस्त उत्पादनाची रीत सापडल्यानंतरची मानणे रास्त ठरते. पाते मोटारीच्या पाट्याच्या पोलादाचे असेल, तर ते विसाव्या शतकातले होय. खंजिरावर जडवलेल्या नाण्यावरील साल मात्र विश्वासार्ह नसते. या भागात व्यवहारात आणि चांदीकामात रुळलेल्या मारिया तेरेसा थालर या ऑस्ट्रियन नाण्यावर, ते १७८० नंतर कधीही पाडलेले असो, १७८० हेच वर्ष असते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले होते. तेव्हा असे नाणे जडवलेला खंजीर अठराव्या शतकातला मानणे भाबडेपणाचे ठरेल.

दुसरी फसगत कोरीव लेखांमुळे होते. सुदानमध्ये महदी या धर्मनेत्याने सुरू केलेल्या उठावाशी व राजवटीशी (१८८१ ते १८९८) जोडली जाणारी काही पाती आम्लाने कोरलेल्या दाट अरबी अक्षरांनी भरलेली असतात; ‘सुलुस’ म्हणजे लांब, वळणदार लिपीवरून संग्राहकांनी त्या शैलीला नाव दिले. ती राजवट मोडणाऱ्या २ सप्टेंबर १८९८ च्या ओमदुरमानच्या लढाईनंतर इंग्रजांकडून अशा शस्त्रांना स्मृतिचिन्ह म्हणून मागणी आली आणि प्रवाशांच्या बाजारासाठी शस्त्रे बनू लागली. मगरीच्या कातड्याची, क्वचित मगरीच्या डोक्यासकट शिवलेली म्याने बहुधा त्याच बाजाराची आहेत. विक्रेते त्यांनाही ‘ओमदुरमानची लूट’ म्हणतात, ते किंमत वाढावी म्हणूनच.

खरा आधार देतात ते संग्रहालयांच्या नोंदवह्यांतील दिनांक. महदीचा सेनापती उस्मान दिग्ना याच्या बेजा सैन्याशी १८८४ मध्ये एल तेब व तामाई येथे लढलेल्या इंग्रज सैनिकांनी मायदेशी नेलेल्या एखाद्या खंजिराची नोंद पुढच्या एक-दोन वर्षांतली असेल, तर निदान त्याची मूठ आणि पाते त्या सालापूर्वीचे ठरतात, आणि बिनतारखेचे खंजीर त्याच्याशी ताडून पाहता येतात.