ग्रंथातील ज्ञान वेचणारे हात

ग्रंथ वाचणे आणि ग्रंथात शोधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाचणारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे जातो. शोधणाऱ्याला एकच शब्द हवा असतो; पण तो जेथे जेथे आला असेल तेथे तेथे हवा असतो. हे काम यंत्राकडून करवून घेण्याच्या खटपटीला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. आज संगणक ढीगभर मजकूर चाळून त्यातली माहिती वेचून देतो आणि आपण थक्क होतो. या विद्येचा इतिहास सांगताना विद्वानांची आणि कंपन्यांची नावे घेतली जातात. कामगार चळवळीत वय घालविलेले आम्ही तो कामाच्या बाजूने सांगणार आहो. हे काम कोणाच्या हातांनी झाले आणि त्यांची नोंद कोठे राहिली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

यंत्रापूर्वी हे काम मठांत होत असे. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलाची शब्दसूची तयार झाली. तिच्यासाठी पाचशे भिक्षू राबले असे परंपरा सांगते. आकडा फुगविलेला असेलही. पण इतिहासात नाव राहिले ते ह्यूचे. बाकीचे त्या आकड्यातच राहिले.

यंत्रयुगाची कथा इटलीत सुरू होते. रोबेर्तो बुसा (१९१३–२०११) या जेझुइट धर्मगुरूंना टॉमस अक्वायनस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांत ‘सान्निध्य’ ही कल्पना कशी आली आहे ते शोधायचे होते. प्रथम त्यांनी त्या अर्थाचे मोठे शब्द तपासले. पण ध्यानी असे आले, की तो विचार ‘इन’ या इवल्याशा शब्दाशी बांधलेला आहे. आपल्या ‘घरात’, ‘मनात’ यांतला ‘त’ जे काम करतो, तेच लॅटिनमध्ये हा ‘इन’ करतो. मग त्यांनी दहा हजार वाक्ये हाताने कार्डांवर उतरून काढली. १९४६ साली प्रबंध पुरा झाला. आता सर्वच शब्दांची सूची करण्याचा ध्यास लागला. पण हे एक कोटीच्या आसपास शब्द कोण लिहिणार? १९४९ साली त्यांनी न्यूयॉर्कला आय.बी.एम. कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांची गाठ घेतली आणि कंपनीचे साहाय्य मिळविले.

ही यंत्रे भोके पाडलेल्या कार्डांवर चालत. कार्डावर ऐंशी रकाने असत. टंकयंत्रासारख्या कळा दाबल्या, की प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक जागी भोक पडे आणि ती भोके ओळखून यंत्र कार्डे वर्णानुक्रमाने लावी. परंतु अक्षरे कार्डावर घालणार कोण? त्यासाठी बुसांनी मिलानजवळच्या गाल्लाराते गावी १९५४ ते १९६७ पर्यंत एक शाळाच चालविली. तेथे काम शिकल्या त्या बहुतेक तरुण मुली होत्या. ही त्यांची पहिलीच नोकरी असावी अशी अट असे. महिनाभराच्या चाचणीनंतर पाचांतली एक निवडली जाई आणि मग दररोज आठ तास काम. एकीने कार्ड भोकावे. दुसरीने तोच मजकूर पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा टंकावा. फरक पडला की चूक उघडी होई. पुष्कळजणींना लॅटिन येत नव्हते. तरी लॅटिनच काय, हिब्रू अक्षरेही त्यांनी बिनचूक उतरविली.

यंत्राला वर्णानुक्रम कळतो, शब्दाचे कूळ कळत नाही. ‘घर’, ‘घरात’ आणि ‘घराला’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. लॅटिन शब्दांचे हे काम विद्वानांनी केले. १९७४ ते १९८० या काळात ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ ही महासूची ५६ खंडांत छापून निघाली. बुसांची कीर्ती जगभर झाली आणि ती योग्यच होती. यंत्रांसमोर बसलेल्या मुलींची छायाचित्रेही उरली. पण त्या कोण, हे सांगणारी नावे छायाचित्रांखाली नव्हती. ज्युलियान नायहन आणि मेलिसा टेरास या अभ्यासकांनी अलीकडे त्यांतल्या काहीजणींचा शोध घेतला, त्यांच्या तोंडून हकीकत ऐकली. १९६७ साली थांबलेल्या कामाची ही नोंद व्हायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

कोणी म्हणेल, कळा दाबणे म्हणजे काही विद्वत्ता नव्हे. कबूल. कल्पना बुसांची होती. तिचे श्रेय आम्ही वाटून मागत नाही. पण सूचीचे सारे मोल तिच्या बिनचूकपणात असते, आणि तो बिनचूकपणा त्या हातांनी निर्माण केला. मालाचा कस ज्यांच्या कामावर ठरतो त्यांना केवळ खर्चाच्या खात्यात टाकणे हा हिशेब खोटा आहे.

पुढे यंत्रे बदलली, गरज तीच राहिली. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ५०० उतारे, म्हणजे दहा लाख शब्द, संगणकावर घेतले. प्रत्येक शब्द नाम की क्रियापद हे ठरविणाऱ्या यंत्राने सुमारे तीन चतुर्थांश काम केले; उरलेले माणसांनी हाताने निस्तरले. १९९१ साली यंत्रांची एक परीक्षा झाली. लॅटिन अमेरिकेतील दहशतवादी कृत्यांच्या बातम्या वाचून कोणी, कोठे, केव्हा, काय केले याचे तक्ते यंत्रांनी भरायचे होते. ते बरोबर की चूक हे ताडण्यासाठी माणसांनी आधी तेच तक्ते भरून ठेवले होते. यंत्राच्या शहाणपणाचे माप माणसाच्याच वाचनाने घेतले गेले.

आजच्या बोलक्या यंत्रांची गोष्ट वेगळी नाही. त्यांनी अभद्र बोलू नये म्हणून अभद्र मजकूर कोणीतरी वाचून वेगळा काढावा लागतो. केनियात असे काम करणाऱ्यांना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती, असे ‘टाइम’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १ मे रोजी नैरोबीत या प्रकारची कामे करणारे दीडशेहून अधिक कामगार एकत्र आले आणि त्यांनी मत देऊन आपली संघटना उभारण्याचे ठरविले. गाल्लारातेच्या मुलींची नोंद इतरांनी चाळीस वर्षांनी केली. नैरोबीच्या कामगारांनी आपली नोंद आपणच केली. या इतिहासातले खरे पुढचे पाऊल आम्ही हे मानतो.

आपल्याकडेही मुंबईच्या आय.आय.टी.त मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे संगणकासाठी विणले गेले आहे, आणि अशी कामे वाढतच जाणार. ती जरूर वाढावीत. आपली भाषा यंत्राला कळली पाहिजे. मात्र अशा प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर ते कोणी केले, किती तास केले आणि कोणत्या मजुरीवर केले, हे लिहिलेले असावे. वाचकांनी तेवढे मागावे. त्याला फार शाई लागत नाही.