करवीरचें शिवार आणि नगररचना

शहराचा वारसा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दगड उभे राहतात. कोल्हापुरासंबंधीं बोलावयाचें तर अंबाबाईचें देऊळ, भवानी मंडप, पंचगंगेचा घाट, नवा राजवाडा, खासबागेचें मैदान अशीं नांवें ओळीनें येतात आणि यादी तेथेंच संपते. ह्या यादीविरुद्ध तक्रार असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या जमिनीच्या उत्पन्नावर हीं देवळें, हे वाडे आणि हे घाट उभे राहिले, ती जमीन मात्र वारशांत मोजली जात नाहीं. नगररचनेच्या नकाशावर शेत म्हणजे अद्याप घर न बांधलेला भूखंड, एवढाच त्याचा अर्थ उरतो. कोल्हापूरच्या इतिहासाचा पुरावा ह्या समजुतीच्या अगदीं उलट आहे. आणि शहराच्या पुढील वाढीचे निर्णय होत असतां तो पुरावा एकदां नीट मांडणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

कोल्हापूर हें मुळांत एक गांव नव्हेच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या एकमेकींकडे सरकत जाऊन हें नगर झालें, असें इतिहासकार सांगतात. त्यांपैकीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ सालीं डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित ह्यांनीं केलेल्या उत्खननानें सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आणली. त्याच टेकडीवर सांपडलेली पोसायडन ह्या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ति येथील वस्तुसंग्रहालयांत आहे. दूरच्या रोमन जगाशीं ज्या गांवाचा संबंध होता, तें गांव पोटासाठीं मात्र पायथ्याशीं वाहणाऱ्या नदीच्या कांठच्या मातीवरच अवलंबून होतें. वरील सहा नांवांकडे पुन्हां पाहिलें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते: त्यांपैकीं तीन नांवांशीं तळीं जोडलेलीं आहेत. जेथें पावसाचें पाणी सांठविण्यास खोलगट जागा होती, तेथें माणूस राहिला. १७८२ सालीं राजधानी पन्हाळ्याहून येथें आली, परंतु राजधानी झाल्यानें गांवाचा मूळ स्वभाव पालटला नाहीं. पेठेंत घर, परड्यांत म्हैस आणि वेशीबाहेर शेत, असा संसार करणारीं घराणीं कोल्हापुरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलीं. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभें राहून धारोष्ण दूध पिण्याची रीत, दिवाळींत पाडव्याला म्हशी रंगवून व सजवून मिरविण्याची रीत, आणि तालमींचें पहेलवान ह्या सर्वांचें मूळ त्याच संसारांत आहे.

ह्या तळ्यांचें पुढें काय झालें, हा आमच्या नगररचनेच्या इतिहासाचा पहिला अध्याय होय. वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें. कपिलतीर्थावर भाजीची मंडई बसली. खंबाळ्याच्या जागेवर नाट्यगृह व कुस्तीचें मैदान उभें राहिलें आणि रावणेश्वराच्या जागेवर खेळाचें क्रीडांगण झालें. बुजविणाऱ्यांची बुद्धि वाईट होती असें म्हणवत नाहीं. सांचलेलें पाणी म्हणजे रोगराईचें घर, ही त्या काळची समजूत अगदींच निराधार नव्हती. शिवाय कळंब्याच्या तलावाचें पाणी नळानें घरोघर आल्यावर जुन्या तीर्थांची गरज संपली असें वाटणें साहजिक होतें. ज्या वस्तु त्या जागांवर आल्या त्याहि लोकांना प्रिय झाल्या. तथापि जमिनीचा उतार माणसाच्या ठरावानें बदलत नाहीं. पावसाळ्यांत गांधी मैदानावर पाणी सांचतें, तेव्हां वरुणतीर्थ आपली जुनी जागा विसरलें नाहीं, एवढेंच तें सांगत असतें.

दुसरा अध्याय राजर्षि शाहू महाराजांचा. १८९४ सालीं राज्याची सूत्रें हातीं आलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, महाराजांनीं शाहूपुरी ही नवी गुळाची बाजारपेठ वसविली. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली होती ती १८९१ सालीं. बाजारपेठेची जागा स्टेशनालगत धरण्यांतील धोरण त्यावरून उघड होतें. कोल्हापूरच्या अर्वाचीन नगररचनेंतील हा पहिला मोठा निर्णय, आणि तो शेतमालाकरितां घेतलेला होता. गुऱ्हाळांत चुलवाणावर काहील चढते, चिपाडांच्या जाळावर उंसाचा रस उकळूं लागतो, रानभेंडीच्या चिकानें वर आलेली मळी काढली जाते, आणि पाक साधला कीं नाहीं हें गुळव्या केवळ नजरेनें व बोटानें ओळखतो. मग तो पाक वाफ्यांत निवून त्याचे रवे होतात. ह्या रव्यांना गिऱ्हाइक मिळेल, भाव मिळेल आणि रेल्वेचा डबा मिळेल, अशी जागा शहरानें आपल्या अंगणांत करून दिली. शहराचें वैभव आणि शिवाराचें वैभव ह्यांचा हिशेब त्या काळीं एकाच वहींत मांडला जात होता. कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. त्या कीर्तीचा पाया शाहूपुरींत घातलेला आहे.

बाजारपेठेमागून पाणी आलें. भोगावतीवर राधानगरीचें धरण बांधण्याची योजना महाराजांनीं १९०७ सालीं हातीं घेतली. पैशाच्या अडचणीमुळें पुढें तें काम थांबलें आणि स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. तरी एका लहान संस्थानानें एवढी उडी घ्यावी हेंच विशेष. त्याहूनहि कोल्हापूरचें नांव सर्वत्र नेणारी वस्तु म्हणजे 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. त्याची घडण साधी आहे. नदींत दगडी खांब उभारावयाचे, खांबांना खोबणी ठेवावयाच्या. पावसाळा सरला कीं त्यांत बरगे घालून पाणी अडवावयाचें, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यावयाची. अडविण्याचा काळ आणि सोडण्याचा काळ ह्यांतील भेद ज्याला कळतो, त्यालाच हा बंधारा चालवितां येतो. नदीकांठच्या समाजानें अनुभवानें मिळविलेलें सारें शहाणपण त्या खोबणींत सांठलेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्याच सुमारास बाहेरच्या जगांत नगररचनेचें शास्त्र आकार घेत होतें. इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड ह्यांनीं १८९८ सालीं उद्याननगराची कल्पना मांडली. तींत सहा हजार एकर जमिनीपैकीं नगराला एक हजार एकर आणि उरलेली पांच हजार एकर कायमची शेतीला, असें प्रमाण होतें. पॅट्रिक गेडीस हे १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि त्यांनीं अनेक शहरांचीं निरीक्षणें केलीं. हिंवतापाच्या भीतीनें तळीं बुजविण्यापेक्षां त्यांत मासे सोडून तीं निर्मळ राखावीं, असें ते आग्रहानें सांगत. परंतु मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं नगररचनेचा कायदा झाला, तेव्हां ह्या विचारांतील शेतीचा पट्टा मागें पडला आणि भूखंडांची फेररचना तेवढी पुढें राहिली. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६६ सालचा आहे. त्यांत शेती विभाग दाखविण्याची सोय आहे खरी, परंतु व्यवहारांत त्या विभागाकडे पुढील विस्ताराची शिल्लक म्हणूनच पाहिलें जातें. आमच्या भाषेनें ही वृत्ति एका शब्दांत पकडली आहे. ज्या क्षणीं जमिनीचा भाव चढतो, त्या क्षणीं ती 'बिनशेती' होते. जें नाहीं त्यावरून वस्तूला नांव मिळावें, आणि तेंच तिच्या किंमतीचें कारण व्हावें, असें दुसरें उदाहरण विरळा.

आतां वर्तमानाकडे वळूं. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची व महानगरपालिका १९७२ सालची. हद्दवाढीचा प्रश्न तेव्हांपासून भिजत पडला. शहर म्हणतें, भोवतालचीं गांवें आमचे रस्ते, आमचें पाणी, आमचीं रुग्णालयें वापरतात. मग तीं आमच्या कारभारांत कां नसावीं? गांवें म्हणतात, हद्दींत गेलों कीं कर वाढतील, ग्रामपंचायत जाईल आणि आमच्या शेतांवर आरक्षणाचे शिक्के पडतील. ह्या ओढाताणींतून २०१७ सालीं भोवतालच्या ४२ गांवांकरितां स्वतंत्र विकास प्राधिकरण निघालें; त्यालाहि गांवांनीं विरोध केला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघांचाहि विसर एकाच गोष्टीचा आहे. हद्दीच्या बाहेर राहिल्यानें शेत वांचतें असें नाहीं: पांचगांव, उचगांव, कळंबे ह्यांच्या शिवारांत हद्दीची वाट न पाहतां घरें उभीं राहिलीं. उलट, हद्दीच्या आंत गेल्यानें शेत मरतेंच असेंहि नाहीं: कसबा बावडा शहरांत असूनहि तेथें ऊंस उभा असतो. तेव्हां रेषा कोठें ओढावयाची हा प्रश्न दुय्यम आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंस मातीचें काय करावयाचें, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न केवळ भावनेचा नाहीं, हें नदीनें तीनदां सांगितलें. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या सालच्या महापुरांची आठवण कोल्हापुरांत कोणाला करून द्यावयास नको. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. महापुराचीं कारणें अनेक आहेत आणि त्यांवरील वाद येथें करावयाचा नाहीं. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. नदीकांठचें शेत पुराचें पाणी आपल्या अंगावर घेतें, पसरवितें, थोपवितें, आणि सावकाश सोडतें. त्याच शेतावर भराव टाकून इमारत उभी केली, तर तें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजारच्या घरांत जातें. निळी रेषा आणि लाल रेषा सरकारी नकाशावर अलीकडे आल्या. शेतकऱ्याच्या आजोबाला त्या पायानें ठाऊक होत्या, म्हणून त्यानें तेथें पीक घेतलें व घर उंचावर बांधलें.

परंतु येथें शेतकऱ्याची बाजू न ऐकतां पुढें जाणें हा अन्याय होईल. वांटण्या होऊन जमिनीचे तुकडे झाले आहेत. गुऱ्हाळें कमी होत चाललीं आहेत. मुलाला शेतांत राहावयाचें नाहीं, आणि दारांत उभा असलेला दलाल गुंठ्याला जो भाव सांगतो तो उंसाच्या पन्नास हंगामांत मिळावयाचा नाहीं. अशा माणसाला 'तुझें शेत हा आमचा वारसा आहे, तें तूं विकूं नकोस' असें सांगणें म्हणजे शहराच्या हौसेचें ओझें त्याच्या डोक्यावर ठेवणें होय. शिवाय ऊंसहि निर्दोष नाहीं. त्याची तहान मोठी आहे, आणि अति पाण्यानें शिरोळकडील जमिनी क्षारांनीं नापीक झाल्याचें आपण पाहतों. म्हणून जतन करावयाचें तें अमुक एक पीक नव्हे. मातीची पीक देण्याची शक्ति आणि पाण्याला जागा देण्याची शक्ति, ह्या दोन गोष्टी राखावयाच्या आहेत.

ह्यावरून कर्तव्य आपोआप ठरतें. पूररेषेंतील शेतकरी शहराकरितां पूर सोसतो; त्या सेवेचें मोल शहरानें द्यावें. वाड्याच्या मालकाला वाडा राखल्याबद्दल हस्तांतर करतां येईल असा विकासहक्क देण्याची पद्धति कायद्याला परकी नाहीं. शेताच्या मालकाला ती कां लागू होऊं नये? स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतानें शहराभोवतालच्या बागायतीकरितां २०१८ सालीं स्वतंत्र कायदा केला, म्हणजे असें करणें अशक्य नाहीं. विकास आराखड्यावर रस्ते व आरक्षणें दाखवितात त्याच कसोशीनें ओढे, पाणंदी, विहिरी, बंधारे आणि चालू गुऱ्हाळें दाखविलीं जावीं. वारशाच्या यादींत राजवाड्याशेजारीं एखाद्या बंधाऱ्याचें, एखाद्या गुऱ्हाळाचें नांव यावें. आणि आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात तेव्हां त्या केवळ ज्यांची जमीन जाणार त्यांनींच द्यावयाच्या असतात, ही समजूत शहरवासीयांनीं सोडावी. पुराचें पाणी कोणाच्या घरांत शिरावयाचें तें त्या नकाशावर ठरत असतें. तेव्हां तो नकाशा वाचणें हें प्रत्येक नागरिकाचें काम आहे.

तळीं बुजवितांना आपल्या पूर्वजांना परिणाम ठाऊक नव्हते. त्यांना दोष देतां येत नाहीं. आपल्यापुढें तीन महापुरांच्या खुणा भिंतींवर आहेत. शाहू महाराजांनीं शहर वाढवितांना प्रथम शेतकऱ्याचा माल कोठें उतरेल हें पाहिलें. शहराची वाढ थांबवा असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं, आणि आम्हीहि म्हणत नाहीं. बरगे कोठें घालावयाचे आणि वाट कोठें मोकळी ठेवावयाची, एवढें मात्र वेळेवर ठरविलें पाहिजे. कारण भरावाखालीं गेलेलें शेत पुन्हां शेत झाल्याचें उदाहरण कोल्हापुरांत आम्हांस आढळलेलें नाहीं.