चकमकी पिस्तूल, पेटीतील जोडी

चकमकी पिस्तूल, पेटीतील जोडी : गारेच्या ठिणगीने बार उडणाऱ्या, ठासणीच्या दोन सारख्या पिस्तुलांचा साहित्यासह लाकडी पेटीत ठेवलेला संच. सुमारे १७७० ते १८२५ या काळात लंडनमध्ये द्वंद्वासाठी बनलेल्या जोड्यांना संग्राहकांत सर्वाधिक मागणी असते. रॉबर्ट वॉग्डन, जॉन ट्विग, हेन्री नॉक, मूळचा स्विस डर्स एग आणि जॉन व जोसेफ मँटन हे बंधू त्यांचे प्रमुख कारागीर.

पेटी : आधी ओकची, पुढे बहुधा महोगनीची. इंग्लिश पेटीत लाकडी पट्ट्यांचे कप्पे व हिरव्या बनातीचे अस्तर असते. फ्रेंच पेटीत वस्तूच्या आकाराचीच खाच कोरलेली असते. बारूददाणी, गोळ्यांचा साचा, पेचकस, गज, तेलाची कुपी व सुट्या गारा असे साहित्य आढळते. पेटी व पिस्तुले मुळात एकत्रच होती का, हे आधी पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या पिस्तुलाचा ठसा बनातीवर उमटतो. घोड्याखाली व चापाच्या कमानीखाली ती दबते, झिजते. ठसा एका आकाराचा आणि पिस्तूल दुसऱ्या, तर सोयरीक नंतर जुळवलेली. कोरी बनात म्हणजे लबाडीच असे नाही, कारण कसर लागल्याने अस्तर बदलले जाई. पण जुन्या बनातीसोबत एक पुरावाही जातो. झाकणाच्या आतील कारागिराच्या चिठ्ठीवरील पत्त्यावरून काळ ठरवता येतो. मात्र चिठ्ठी उचलून दुसऱ्या पेटीत चिकटवता येते.

परीक्षण : नळी दस्त्यातून काढून तिची खालची बाजू पाहिल्याशिवाय मत देऊ नये. १६३७ साली सनद मिळालेल्या लंडनच्या गनमेकर्स कंपनीच्या खुणा, म्हणजे मुकुटाखाली ‘व्ही’ आणि मुकुटाखाली गुंफलेली ‘जी’ व ‘पी’ ही अक्षरे, बहुधा तिथे सापडतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ सालचे. त्याची खूण असलेली नळी १७९० ची म्हणून विकली जात असेल तर खुलासा मागावा. चांदीच्या जडणीवर छाप असल्यास त्यातील वर्षाक्षर तारखेच्या जवळ नेते. मँटन बंधूंच्या शस्त्रांवर अनुक्रमांक असल्याने त्यांचा काळ लावणे सोपे जाते.

खरी मेख टोपीत आहे. स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि १८२० नंतर तांब्याच्या टोप्या रूढ झाल्या. तेव्हा असंख्य चकमकी पिस्तुलांचा रंजकाचा कान बुजवून टोपीची सोय करण्यात आली. आज त्यांतील काहींना नवा घोडा, नवी पोलादी पट्टी व नवे रंजकपात्र बसवून पुन्हा ‘मूळ’ रूप देतात. कळपट्टीच्या आतून बुजवलेली भोके, रंजकपात्राखालचा सांधा आणि कोरीवकामाच्या रेषांतील फरक यांवरून हे उघड होते. असे काम सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. घासून चकचकीत केलेली नळी मात्र कायमची गेली. तिचा तपकिरी मुलामा परत देता येतो, पुसट झालेली अक्षरे देता येत नाहीत.

नक्षी : लंडनच्या कामात बेताची.

प्रसिद्ध जोडी : वॉग्डन व बार्टन यांची खूण असलेली जोडी ११ जुलै १८०४ रोजी न्यू जर्सीतील वीहॉकेन येथे ॲलेक्झांडर हॅमिल्टन व ॲरन बर यांच्या द्वंद्वात वापरली गेली. ती हॅमिल्टनचा साडू जॉन बार्कर चर्च याची. घराण्याकडून ती १९३० साली मॅनहॅटन कंपनीच्या बँकेने घेतली. ही बँक स्थापन करणाऱ्यांत बर हाच प्रमुख होता! त्यांतील एका पिस्तुलाला मधल्या काळात टोपीची सोय करण्यात आली होती. चाप हलका करणारी गुप्त रचना दोहोंत आहे. हॅमिल्टनने ती वापरली की नाही, याविषयी मतभेद आहेत.

किंमत : मालकाच्या नावावर फार अवलंबून. लाफायेतने वॉशिंग्टनला दिलेली खोगिरी पिस्तुले २००२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २० लाख डॉलरना गेली.

भारतातील कायदा : १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ ची सूट कालबाह्य वा पुरावस्तू-मूल्याच्या, पण दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रांना आहे, चालू स्थितीतील जोडीला ती मिळेलच असे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तूंची खाजगी निर्यात १९७२ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे.

फ्रेंच संच : व्हर्साय कारखान्याचा प्रमुख निकोला-नोएल बूते याचे नामांकित.