परतीच्या अटीची कुळकथा

लोणीच्या किंवा विळद घाटातल्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलाला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, मिळाल्याचं मार्चमध्ये कळतं आणि घरात पेढे वाटले जातात. खरी धावपळ त्यानंतरची. १ जुलैच्या सुमारास तिकडे हजर व्हायचं असतं आणि त्याआधी व्हिसा हातात पडायला हवा.

बहुतेकांना वाटतं, नोकरी देणारं रुग्णालयच व्हिसाचंही बघेल. शिकायला जाणाऱ्यांच्या जे-१ व्हिसाचं तसं नाही. त्याची प्रायोजक असते ईसीएफएमजी ही फिलाडेल्फियाची संस्था. तिच्याकडून डीएस-२०१९ हा कागद मिळतो, पण त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' जोडावं लागतं. या विषयाच्या डॉक्टरांची भारताला गरज आहे, असं सरकार त्यात कळवतं. शिकून परत येईन, असं डॉक्टरही लिहून देतो. शेवटी पासपोर्टवर व्हिसा चिकटतो, त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: कलम २१२(ई), दोन वर्षांचा नियम लागू.

या ओळीचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आहे. १९४६ मध्ये फुलब्राइट कायदा झाला, १९४८ मध्ये स्मिथ-मुंट कायदा. परदेशी माणसांनी अमेरिकेत यावं, शिकावं आणि ते ज्ञान मायदेशी न्यावं, हा त्यामागचा विचार. त्याच वेळी अमेरिकेत रुग्णालयं झपाट्यानं वाढत होती आणि रात्रपाळीला डॉक्टर पुरत नव्हते. शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांनी ती जागा भरली आणि त्यांच्यातले बरेच तिथेच राहू लागले. म्हणून १९५६ मध्ये कायद्यानं अट घातली: शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय कायम वास्तव्याचा व्हिसा नाही. ईसीएफएमजीची स्थापनाही त्याच वर्षीची. परदेशी पदवीधरांची तिची पहिली परीक्षा १९५८ मध्ये झाली. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यानं या व्हिसाला 'जे' हे अक्षर दिलं.

या व्यवस्थेमागचा मूळ हेतू पुरा झालेला पाहायचा असेल, तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला जावं. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. वेल्लोरला शिकून ते आणि डॉ. मेबल आरोळे वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम करत होते. रुग्ण बरा होऊन घरी जायचा आणि त्याच दुखण्यानं परत यायचा, हे त्यांनी तिथे पाहिलं. साठच्या दशकात दोघं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, रेसिडेन्सी केली, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला कामाला लागले. निरक्षर बायकांना शिकवून त्यांनी गावोगावी आरोग्यसेविका तयार केल्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, बाळाचं वजन ही सगळी कामं या बायकांनी हाती घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या कामावर प्रकरण आलं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण आरोळ्यांसारखे परतणारे थोडे. १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं आता डॉक्टर पुरेसे झाले असं ठरवून दार अरुंद केलं. मायदेशाच्या सरकारनं परतणाऱ्या डॉक्टरबद्दल लेखी हमी द्यावी, ही अट तेव्हाची. आजचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' तिथून आलं. पुढे १९८१ मध्ये प्रशिक्षणाची मर्यादा साधारण सात वर्षांपर्यंत वाढली.

मग अमेरिकेतल्याच खेड्यांना डॉक्टर मिळेनात. १९९४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकारानं तोडगा निघाला: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करा, दोन वर्षांची अट माफ. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा २० जागा होत्या, पुढे त्या ३० झाल्या. म्हणजे दिल्लीनं ज्याची गरज लिहून कळवली, तोच डॉक्टर अमेरिकेतल्या एखाद्या आडगावाची गरज भागवू लागला. एच-१बी व्हिसाला परतीची अट नाही, म्हणून अनेकांची नजर तिकडे असते. पण त्यासाठी रुग्णालयालाच खर्च सोसून अर्ज करावा लागतो आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यापासून तो रस्ता फारच अवघड झाला आहे.

राहणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तिथल्या खेड्यातला रुग्णही रुग्णच आहे, आणि कॉनराडची सवलत ही कायद्यानं दिलेली वाट आहे. माझं गाऱ्हाणं आपल्या सरकारशी आहे. 'आम्हाला या डॉक्टरची गरज आहे' असं लिहून देणाऱ्यानं ती गरज कुठल्या तालुक्यात, कुठल्या रुग्णालयात, कुठल्या पदावर आहे हेही सांगायला हवं. आरोळे निघाले तेव्हा खेड्यातच काम करायचं हे त्यांचं पक्कं होतं, म्हणून परतीची अट त्यांना कधी जाचली नाही. सगळ्यांकडून तेवढ्या निर्धाराची अपेक्षा करता येत नाही. परत येणाऱ्या भूलतज्ज्ञाला किंवा बालरोगतज्ज्ञाला जिल्ह्यात चालू स्थितीतलं शस्त्रक्रियागृह, प्रशिक्षित परिचारिका आणि वेळेवर पगार मिळेल एवढी सोय सरकारला नक्की करता येईल. ती केली, तर मंत्रालयानं दिलेल्या त्या पत्राला अर्थ राहील.