ओसाकातली ती मुलगी आणि आमचा बाळ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचा, बाळचा, फोन आला. (वय वर्षं एकोणसत्तर, पण घरात अजून बाळच!) म्हणाला, "ताई, एक सांगतो, घरी बोलू नकोस. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मी बंद केल्यात."

बाळला सहा वर्षांपासून मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. मज्जातंतूचा निरोप जिथे स्नायूला मिळतो, नेमक्या त्या जागी शरीरातलीच प्रतिपिंडं हल्ला करतात. संध्याकाळ झाली की त्याच्या पापण्या मिटायला लागायच्या, एकाचे दोन दिसायचे. औषधांनी ते बरंच आटोक्यात आलं होतं. मग गणपतीच्या सुमारास छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली आणि घरी येताना औषधांच्या पिशवीत स्टॅटिनची गोळी आली. महिन्याभरात पापण्या दुपारीच उतरायला लागल्या, जिना चढताना पाय भरून यायला लागले.

हे सगळं ऐकून मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं केलंस."

आठ दिवसांनी भाच्याला कळलं. तो माझ्यावर असा चिडला म्हणून सांगू! "आत्या, बाबांच्या हृदयात स्टेंट आहे. ती गोळी कशासाठी असते हे तरी तुला माहीत आहे का?" खरं सांगते, नव्हतं माहीत. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, 'आधी घटनाक्रम लिहा, मग कारणं' असं मुलांना बजावत आले, आणि स्वतःच्या भावाच्या बाबतीत मात्र दोन शब्दांत निकाल देऊन मोकळी झाले. म्हणून मग वही घेऊन बसले आणि त्या गोळीचा घटनाक्रम लिहून काढला. तोच आज इथे देते.

गोष्ट सुरू होते जपानात. अकिरा एंडो हे १९३३ साली उत्तर जपानातल्या अकिता भागात शेतकरी कुटुंबात जन्मले. फ्लेमिंगला बुरशीतून पेनिसिलिन मिळालं, या गोष्टीने ते भारावलेले. पुढे टोकियोच्या सांक्यो कंपनीत काम करताना त्यांनी विचार केला की, आपलं यकृत जे कोलेस्टेरॉल बनवतं ते बनणंच रोखणारा पदार्थ एखाद्या बुरशीत असेल का? १९७१ पासून त्यांनी सहा हजारांवर बुरशा आणि तत्सम सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळसर हिरव्या बुरशीत त्यांना तो पदार्थ सापडला. त्याचं नाव कॉम्पॅक्टिन. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत अगदी सुरुवातीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतं. त्यालाच तो अडवत होता. गंमत म्हणजे उंदरांवर त्याचा काही परिणामच दिसेना! प्रकरण तिथेच संपायचं, पण अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला आणि त्यांचं कोलेस्टेरॉल खूप खाली आलं.

आता ज्या पानाशी मी अडखळले ते पान. फेब्रुवारी १९७८. ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. अकिरा यामामोतो यांच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी होती. आनुवंशिक दोषामुळे तिचं कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं. तिला कॉम्पॅक्टिन दिलं, रोज ५०० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल उतरलं. पण दोनच आठवड्यांत तिचे स्नायू अशक्त व्हायला लागले आणि रक्तात स्नायूंना इजा झाल्याच्या खुणा दिसल्या.

म्हणजे बघा, या औषधाची पहिलीच रुग्ण आणि तिलाच स्नायूंचा त्रास! यामामोतोंनी काय केलं? 'मनाचे खेळ आहेत' असं म्हटलं नाही आणि औषध कायमचं फेकूनही दिलं नाही. आधी थांबवलं, ती सावरल्यावर २०० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केलं. तो त्रास परत झाला नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात. १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मान्यता मिळाली, बाजारात आलेलं हे पहिलं स्टॅटिन. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिमवास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. बाळसारख्या माणसाला ही गोळी का देतात, ते मला इथे कळलं. मग २००१ चा ऑगस्ट. बायर कंपनीला सेरिवास्टॅटिन मागे घ्यावं लागलं. त्याने काहींचे स्नायू अक्षरशः विरघळले आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर आला. एकट्या अमेरिकेत तोवर ३१ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतले काहीजण सोबत जेमफायब्रोझिल हे दुसरं औषधही घेत होते.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. २०२० मध्ये लंडनमध्ये, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांतला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला! म्हणजे भीतीनेही अंग दुखतं आणि ते दुखणं खरंच असतं. मात्र हा अभ्यास स्नायूंच्या आजारावरचा नव्हता.

त्यासाठी २०२३ साल पाहावं लागतं. त्या जानेवारीत युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने सांगितलं की स्टॅटिनच्या माहितीपत्रकात मायस्थेनियाचा इशारा घाला, कारण क्वचित हे औषध तो आजार सुरू करू शकतं किंवा असलेला वाढवू शकतं. त्याच वर्षी असंही प्रसिद्ध झालं की, स्टॅटिन ज्या विकराला अडवतं त्याच्याच जनुकात आईवडील दोघांकडून दोष आला, तर खांद्याचे आणि कमरेचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. त्या साखळीतून नुसतं कोलेस्टेरॉल बनत नाही, स्नायूंना लागणाऱ्या इतर गोष्टीही बनतात.

ही वही घेऊन भाचा आणि मी बाळबरोबर मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या परस्पर बंद केल्या म्हणून त्यांनी बाळला आधी रागावलं, आणि 'बरं केलंस' म्हणणारी ताई मीच, हे मी कबूल केल्यावर मलाही! मग त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. खरं तर हे दोघं एकमेकांशी प्रथमच बोलत होते. ठरलं ते असं: काही आठवडे थांबायचं, मग दुसरं स्टॅटिन अगदी कमी मात्रेत, रक्त तपासत.

आता तीन महिने झाले. पापण्या पुन्हा संध्याकाळपर्यंत टिकतात. गोळीमुळेच त्रास झाला की आजारानेच उचल खाल्ली होती, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. बाळ रोज रात्री किती वाजता पापणी उतरली ते वहीत लिहितो आणि वही दर रविवारी मुलाला दाखवतो.

मंडळी, तुमच्या घरात कुणाचं हृदय आणि स्नायू असं दोन्ही दुखणं असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. आणि कुणी फोनवर 'गोळ्या बंद केल्यात' म्हणालं, तर माझ्यासारखं 'बरं केलंस' म्हणू नका. 'डॉक्टरांना सांगितलंस का?' एवढंच विचारा.

असो. एंडो २०२४ च्या जूनमध्ये गेले, नव्वद वर्षांचे होऊन. त्या मुलीचं नाव मात्र माझ्या वहीत नाही. तिथे नुसतं 'वय १८' असं लिहिलंय.