पुण्यातला मॉर्मन

१८५२ सालचं पुणं डोळ्यांसमोर आणा. पेशवाई जाऊन ३४ वर्षं झालीत. भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली त्याला चार वर्षं झालीत आणि याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. याच वर्षी ह्यू फिंडले नावाचा तिशीतला एक स्कॉटिश माणूस मुंबई बंदरात उतरला आणि पुढे पुण्याला आला. तो कंपनी सरकारचा नोकर नव्हता, व्यापारीही नव्हता. तो मॉर्मन होता.

मंडळी, मॉर्मन म्हटलं की आपल्याला अमेरिकेतलं युटा राज्य आठवतं, नाहीतर पूर्वी त्यांच्यात असलेली बहुपत्नीत्वाची चाल. पण हा पंथ पुण्यापर्यंत आला होता हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हापासून हा फिंडले डोक्यातून जात नाही, म्हणून आज त्याच्यावर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये हा पंथ अमेरिकेत स्थापन केला. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगावर चालून जाऊन त्याला मारलं. अनुयायी पळत पळत १८४७ मध्ये युटाच्या वाळवंटी प्रदेशात पोचले. अजून स्वतःचं बस्तान नीट बसलेलं नाही, आणि ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सभा भरवून त्यांनी शंभराच्या आसपास माणसं जगभर धर्मप्रचाराला धाडली! त्यातली काही हिंदुस्थानकडे, काही सयामकडे, काही चीनकडे. फिंडले मात्र या तुकडीतला नव्हता. तो त्याच सुमारास इंग्लंडहून थेट आला होता.

चीनला गेलेल्या तिघांची गोष्ट छोटी आहे. होझिया स्टाउट आणि त्याचे दोन सोबती एप्रिल १८५३ अखेरीस हाँगकाँगला उतरले. चीनमध्ये तायपिंग बंडाचा वणवा पेटलेला, हाँगकाँगची महागाई न परवडणारी, आणि चिनी भाषेचा एक शब्द येत नाही. दोन महिनेही पुरे झाले नाहीत, जूनमध्ये तिघे परतीच्या जहाजावर होते.

फिंडले टिकला. पुण्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कँटोन्मेंटच्या हद्दीत राहायला आणि प्रचार करायला मनाई केली. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. सॉल्ट लेकच्या त्याच सभेत बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर झालं होतं. ती बातमी इथे येऊन थडकल्यावर तर विचारूच नका. बाकीचे पाद्रीही त्याच्या विरोधात. तरी त्याने मुंबईत पत्रकं छापून उत्तरं दिली. पुण्यात मूठभर माणसांची मंडळी जमवली. त्याचा भाऊ ॲलनही मदतीला आला. १८५५ मध्ये त्याने मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिका मुंबईत छापली आणि त्याच वर्षी दोघे भाऊ इथून निघून गेले. पुण्यातली ती मंडळी पुढे विरून गेली.

हिशेबाच्या वहीत मांडायचं तर ही फसलेली मोहीम. पण त्या पुस्तिकेपाशी मी अडखळतो. शहरातले गोरे लोक दार लावून बसलेले असताना हा माणूस मराठी लोकांकडे वळला.

परधर्माचा प्रचारक म्हटला की आपल्या मनात शंका येतेच. ती अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. तो तुमची भाषा शिकतो ती तुम्हाला बदलण्यासाठी. मग ते शिकणं म्हणजे प्रेम की नुसतं हत्यार?

या प्रश्नाकडे मी राणीसावरगावचा माणूस म्हणून बघतो. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजोबांच्या पिढीला वरचं शिक्षण हवं तर उर्दूतून, कचेरीचा कागद उर्दूतून. उर्दूशी आमचं वैर नाही. आजोबांच्या तोंडून ती ऐकायला फार गोड लागे. पण राज्य करणाऱ्याने कधी आमची भाषा शिकायची तसदी घेतली नाही, शिकायचं ते आम्हीच. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला दुसऱ्याची भाषा शिकायची गरज पडत नाही. म्हणून कुणी आपणहून परकी भाषा शिकतो तेव्हा, हेतू काहीही असो, तो निदान तेवढ्या वेळापुरता खालच्या पायरीवर बसलेला असतो. त्याचे उच्चार ऐकून पोरं हसतात आणि तो ते हसणं सोसतो.

आता आजचं सांगतो. आमचा एक चुलतभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या वस्तीत चिनी कुटुंबं बरीच. तिथे पांढरे शर्ट, काळे टाय आणि छातीवर चिनी अक्षरांतली नावाची पाटी लावलेली दोन गोरी पोरं फिरतात. हे आजचे मॉर्मन प्रचारक. २०१२ पासून मुलगे १८ व्या वर्षी जाऊ शकतात, मुलींना मात्र २०२५ पर्यंत १९ व्या वर्षाची अट होती. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड. पगार नाही, उलट खर्च घरच्यांनी करायचा. कुठे जायचं हे पंथ ठरवणार, आणि कायम जोडीनेच राहायचं.

भावाने त्यांच्या आठवड्याचं वर्णन केलं ते असं. सकाळी लवकर उठून धर्मग्रंथाचा आणि चिनीचा अभ्यास. दिवसभर दारोदार. बहुतेक दारं उघडतच नाहीत. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, वाणसामान आणि घरी फोन यांचा. हा दर आठवड्याचा फोनही २०१९ पासूनचा, त्याआधी वर्षातून दोनदाच बोलता यायचं. आणि दोन संध्याकाळी फुकट इंग्रजीचा वर्ग. तिथे हॉटेलात राबणारे काका येतात, नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या येतात. धर्माबद्दल त्यांना फारसं काही नको असतं, इंग्रजी हवं असतं. पोरांना चिनी बोलायला माणूस हवं असतं. एक आजी म्हणे त्या पोराचा चुकलेला सूर दर वेळी दुरुस्त करते, आणि तो तिला दवाखान्यात काय बोलायचं ते शिकवतो. चिनीत सूर चुकला की शब्दच बदलतो म्हणतात.

वाचकहो, यात गुरू कोण आणि चेला कोण?

हा व्यवहार आपल्याला नवा नाही. आमच्या तालुक्याचं ठिकाण गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिथून उत्तरेला, पूर्वी आमच्याच परभणी जिल्ह्यात असलेलं नर्सी, नामदेवांचं. हे नामदेव पंजाबात गेले आणि परंपरा सांगते की घुमान गावी बरीच वर्षं राहिले. तिथल्या लोकांसाठी त्यांनी मराठीचा आग्रह धरला नाही, उत्तरेच्या बोलीत रचना केल्या. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ मध्ये त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्याकडून कितीतरी माणसं भक्तिभावाने गेली. आपला माणूस परमुलखात गेला की तो संत, आणि दुसऱ्याचा आपल्याकडे आला की घुसखोर, असा हिशेब मला पटत नाही. मोजायचं तर दोघांना एकाच मापाने मोजायला हवं.

ते माप कोणतं? मला वाटतं, ‘नाही’ ऐकल्यावर माणूस काय करतो ते. मुंबईत जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये आले. १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांचा वृत्तान्त बोवेननीच इंग्रजीत प्रसिद्ध केला. विष्णुबुवांनी त्यांना सडेतोड नाही म्हटलं. बोवेन तरी मुंबई सोडून गेले नाहीत. साधेपणाने राहत १८८८ मध्ये याच मुलखात वारले. ज्याला नाही म्हणता येतं आणि नाही म्हटल्यावरही जो नमस्कार करतो, त्याच्याशी बोलायला भिण्याचं कारण नाही. पैशाची लालूच, अडलेल्याची नड किंवा सत्तेचा धाक घेऊन येणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावं, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

शेवटी बदलतं कोण? युटाचे एक गव्हर्नर होते, जॉन हंट्समन. तरुणपणी ते तैवानमध्ये मॉर्मन प्रचारक होते. तिथे किती लोक त्यांच्यामुळे मॉर्मन झाले हे मी कुठे वाचलेलं नाही. पण ते स्वतः चिनी बोलू लागले आणि २००९ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून चीनला गेले. म्हणजे गेले होते दुसऱ्याला बदलायला, आणि आयुष्याची दिशा बदलली ती त्यांची स्वतःची.

फिंडले परत जाताना थोडीफार मराठी बरोबर घेऊन गेला असेल का? म्हातारपणी तिकडे एखाद्या संध्याकाळी त्याच्या तोंडून चुकून एखादा पुणेरी शब्द निघाला असेल का? मला आपलं वाटतं, निघाला असावा. भाषा शिकलेल्या माणसाला ती सहसा पुरती सोडत नाही.