घरोटाशेजारी बसून ऐका

साल १९११. माघातली थंडी. जळगावच्या चौधरीवाड्यात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात आणि तुम्हाला कोणी पाहू शकत नाही. पाच वर्षांपूर्वी खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचा कारभार याच गावातून चालतो. बाहेर रेल्वे आहे, कापसाच्या गिरण्या आहेत. वाड्यात अजून अंधार. ओसरीतून दगडावर दगड फिरल्याचा आवाज येतोय. घरोट सुरू झालं. खुंट्यावरचा हात कवयित्री बहिणाबाई चौधरींचा.

वय तिशीचं. माहेर जवळच्याच आसोद्याचं, महाजनांचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या इथे आल्या. पती नथूजी गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत. घरात तीन लेकरं, बाहेर शेती.

जवारीची मूठ जात्याच्या तोंडात पडते, पीठ गळू लागतं आणि गाणं निघतं. तुम्ही कान देता. त्यांच्या पुस्तकातली गाणी तुम्हाला पाठ आहेत, म्हणून ओळखीची ओळ शोधता. सापडत नाही. हे गाणं पुस्तकात नाहीच. पुढे गाणी टिपणारा लेक सोपान अजून चार वर्षांचाही नाही, वाकळेत झोपलाय. बहिणाबाईंना अक्षर येत नाही. तुमचा हात खिशातल्या पेनाकडे जातो, पण इथे तो चालत नाही. तेवढ्यात शेजारीण दारातून विचारते, ‘झालं का व दयन?’ गाणं मध्येच सुटतं. दळण संपवून बहिणाबाई उठतात, चुलीपुढे बसतात. सुटलेला धागा उचलायला सवड कुणाला आहे?

दिवस उजाडल्यावर त्यांच्या मागोमाग शेतात चला. इथेच त्यांची खरी परीक्षा चालते, आणि परीक्षा माणसाची असते. गोठ्यातली गाय चारा खाते आणि दूध देते. कुत्रा शेपूट हलवतो तो इमानापोटी. माणूस मान डोलावतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे या बाईंना घरात-दारात, वाटेवर, वाटणीच्या बोलण्यात पुरेपूर दिसलेलं आहे. त्यांच्या एका गाण्यात तर प्रत्येक वस्तूला जाब विचारलाय. कपाशीचं बोंड उललं आणि आत कापूसच नसेल, तर त्याला बोंड कशाला म्हणायचं? मग तोंड, हात, पोट, डोळे, एकेकाची पाळी येते. ज्याने आपलं काम केलं नाही, त्याचं नाव त्या काढून घेतात. ऐकताना हसू येतं, आणि पुढची पाळी आपली आहे हे कळल्यावर तुम्ही नकळत स्वतःच्या हातांकडे बघता.

ज्योतिषी दारात येतो. हात पुढे करायला त्या तयार नाहीत. या हाताने काय सोसलं ते त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याने ते वाचून दाखवायची गरज नाही.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे सुचलं कसं, असं नवल आपल्याकडे फार होतं. मला ते नवल अपुरं वाटतं. सुचायला त्यांच्याकडे मोट होती, घरोट होतं, खळं होतं, बाभळीवर सुगरणीचा खोपा होता. खोट्या माणसाची पारख करायला खरं काम रोज हाताखालून जावं लागतं. ते त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेलं.

आता एकवीस वर्षं पुढे या, पश्चिम खानदेशात. २१ फेब्रुवारी १९३२, रविवार, धुळ्याचा तुरुंग. विनोबा राजबंद्यांसमोर गीतेवर बोलायला बसले आहेत. १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. विषय तोच, बहिणाबाईंच्या गाण्यांतला: कर्म करावं कसं, मन आवरावं कसं, माणूस चुकतो कुठे. समोर साने गुरुजी झपाझप लिहून घेताहेत. त्यांच्या पेन्सिलीची गती पाहून तुम्हाला भरून येतं. या माणसाने त्या दिवसांत हात आखडला असता, तर ‘गीताप्रवचने’ तुरुंगाच्या भिंतींतच विरली असती.

त्याच वेळी जळगावला बहिणाबाई पन्नाशी ओलांडून शेतात वाकलेल्या आहेत. त्यांच्यासमोर सभा नाही. तेच शहाणपण बैलांच्या पाठीमागून, तणाच्या ओळीतून चाललंय. तुरुंगातल्या विनोबांना मिळाला तसा लेखनिक या बाईंच्या वाट्याला पहिल्यापासून का आला नाही, हा प्रश्न मला सुटत नाही. बाईच्या कामातल्या गाण्याला आपण गाणं मानलं, विचार मानला नाही. तो आपला मोठा मूर्खपणा होता आणि त्याची किंमत त्या माघातल्या पहाटेसारख्या कितीतरी पहाटांनी दिली.

तरी दोन पोरं कान देऊन होती. सोपानदेव मोठा झाला, स्वतः कवी झाला. तो आणि मावसभाऊ पितांबर चौधरी आईचं जे जे कानावर पडेल ते टिपून ठेवू लागले. आज जे हाती आहे ते या दोघांमुळे.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जळगावातच गेल्या. त्यानंतरचा एक दिवस. आचार्य अत्र्यांसमोर सोपानदेव बसलेत आणि त्यांच्याजवळ एक वही आहे. आपल्याच आईची गाणी दुसऱ्याला दाखवायची, याचा संकोच त्यांच्या अंगावर स्पष्ट दिसतो. तुम्ही मनातून त्यांना पुढे ढकलताय. अखेर ते वाचू लागतात. अत्रे वही स्वतःच्या हातात घेतात, पानामागून पान उलटत जातात. मग सोपानदेवांचा संकोच बाजूला सारून ते छापण्याचा हट्टच धरतात. १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती येतात.